गुडघा गेल्यावर योजना, त्याआधी काही नाही

आशाताईंच्या हातात एक फॉर्म असतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी तो भरायचा : तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला रक्तदाब-मधुमेह आहे का. साठी ओलांडलेल्यांसाठी त्यात आणखी काही प्रश्न आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? शरीराच्या एखाद्या अडचणीमुळे हालचाल कमी झाली आहे का? जेवण, कपडे, आंघोळ, चालणं, संडासला जाणं यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का?

प्रश्न चांगले आहेत. ज्यांनी ते घातले त्यांना म्हातारपण घरात कुठून शिरतं हे ठाऊक होतं. घोडं अडतं ते उत्तरापाशी. रक्तदाब जास्त निघाला तर पुढची वाट आखलेली आहे : गोळी सुरू होते, महिन्याने पुन्हा पट्टा दंडाला लागतो, आकडा वहीत चढतो. ‘हो, तोल जातो’ असं उत्तर आलं तर आजींना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. तिथे बहुधा दुखण्याची गोळी, कॅल्शियम आणि ‘जरा जपून चाला’ एवढं मिळतं. फिजिओथेरपिस्ट जिल्हा रुग्णालयात असतो, फार तर मोठ्या तालुक्याच्या गावी, आणि तो लकवा मारलेल्या, हाड मोडलेल्या माणसांत बुडालेला असतो. आजी अजून पडलेल्या नाहीत, म्हणून त्या कुणाच्याच पेशंट नाहीत. पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, की मग सगळी यंत्रणा धावेल.

फिजिओथेरपी आपल्याकडे मोडल्यानंतरची सेवा म्हणून उभी राहिली आणि तशीच राहिली. ती मोडण्याआधी, घराजवळ आणि सरकारी खर्चाने मिळाली पाहिजे, असं माझं मत आहे. सरकारने ही जागा रिकामी ठेवली तर बाजार ती भरतो. शहरांत ते सुरूही झालं आहे.

फिजिओथेरपी अशी का घडली याचं कारण इतिहासात आहे. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांचा प्रश्न मोठा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, ते देशातलं पहिलं. 1955 मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आली. त्या पिढीने केलेलं काम थोर होतं. कॅलिपर घालून शाळेत गेलेली कितीतरी माणसं त्याची साक्ष आहेत. पुढे लस आली आणि 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण फिजिओथेरपी रुग्णालयाच्या आवाराबाहेर पडली नाही. एव्हाना राज्यात ठिकठिकाणी फिजिओथेरपीची महाविद्यालयं निघाली होती, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून दरवर्षी पदवीधर बाहेर पडत होते, आणि 2021 मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी कायदाही केला. मुलं-मुली शिकत होती, फक्त त्यांना नेमायचं कुठे हे कुणी ठरवलं नव्हतं.

सप्टेंबर 2025 मध्ये या पेशाची देशभर चर्चा झाली खरी. विषय होता, फिजिओथेरपिस्टने नावापुढे ‘डॉ.’ लावावं की नाही. आरोग्य सेवा महासंचालनालयाने लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. दोन्ही बाजू हिरिरीने भांडल्या. ग्रामीण रुग्णालयांत या लोकांची पदं किती आणि भरलेली किती, यावर त्या गदारोळात मी तरी काही ऐकलं नाही.

आता मुद्द्याचं. आधीच काही केलं तर खरंच फरक पडतो का? पडतो, आणि त्याचे पुरावे बऱ्यापैकी भक्कम आहेत. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1990च्या दशकात म्हाताऱ्या माणसांसाठी घरच्या घरी करायचा एक व्यायामक्रम बसवला. घोट्याला थोडं वजन बांधून पाय उचलणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, एका रेषेत पावलं टाकणं, असं आठवड्यातून तीनदा, शिवाय चालणं. फिजिओथेरपिस्ट मोजक्या वेळा घरी येऊन शिकवायची, अवघड करत न्यायची, फोनवर विचारपूस करायची. त्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण साधारण 35 टक्क्यांनी घटलं. त्यांतल्या एका चाचणीत हे काम प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकेने केलं आणि तिथेही ते साधलं. आपल्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे 2019 मध्ये जगभरच्या अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात व्यायामामुळे पडणं सुमारे 23 टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं. आकडा थोडा खाली आला, पण इतक्या स्वस्त उपायासाठी तो मोठाच आहे.

कंबरेचंही तसंच. 2016 मध्ये पाठदुखी टाळण्याच्या उपायांचा असाच एक आढावा प्रसिद्ध झाला. व्यायाम आणि सोबत पाठीविषयी नीट माहिती, या जोडीने पाठदुखी उद्भवण्याचा धोका 45 टक्क्यांनी कमी झाला होता. कमरेचे पट्टे आणि बुटात घालायच्या खास गाद्या यांचा उपयोग दिसला नाही. त्या आढाव्यात एक कटू गोष्टही आहे : वर्ष उलटलं, व्यायाम थांबला, की फायदाही ओसरतो. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि समजावून सांगणं यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, नेहमीच्या उपचारांत वापरू नये असं म्हटलं आहे.

आणि आपल्याकडे? कुठल्याही मेडिकलच्या दुकानात दर्शनी भागात पट्टे टांगलेले असतात. फिजिओथेरपी म्हणजे शेक, करंट आणि वजन लावणं, अशी लोकांची समजूत आहे. ती दवाखान्यांनीच करून दिलेली आहे. मशीन लावलं की पेशंटला काहीतरी केल्यासारखं वाटतं, बिलातही ओळ वाढते. चांगली फिजिओथेरपिस्ट दहा दिवस शेक देण्याऐवजी पहिल्याच दिवशी खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावते, तेव्हा पेशंट बाहेर येऊन म्हणतो, ‘हिने काही केलंच नाही, मलाच करायला लावलं.’ या एका तक्रारीपायी चांगल्या लोकांनाही मशीनं ठेवावी लागतात.

त्यापुढची पायरी म्हणजे भीती. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘वंगण संपलं’, ‘चकती सरकली’. एमआरआयचा कागद हातात पडला की धडधाकट माणूस वाकायचं सोडतो. अजिबात दुखणं नसलेल्या 3000हून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास 2015 मध्ये निघाला : वीस वर्षांच्या निरोगी मुलांपैकी 37 टक्क्यांच्या मणक्यांत चकतीची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरात 96 टक्क्यांच्या. केस पिकावेत तशी ही झीज आहे. दुखणाऱ्या माणसाच्या फोटोतही ती दिसते, न दुखणाऱ्याच्याही.

पुण्या-मुंबईत आता ‘पोश्चर चेकअप’ची पॅकेजं निघाली आहेत. पंचविशीतल्या, काही न दुखणाऱ्या मुलीच्या पाठीचे चार बाजूंनी फोटो काढायचे, त्यावर लाल रेघा मारायच्या, ‘डावा खांदा खाली आहे’ म्हणून बारा सिटिंग लिहून द्यायच्या. दात दरवर्षी दाखवतो तसं शरीरही दरवर्षी फिजिओथेरपिस्टला दाखवावं, असं या क्षेत्रातले काही जण आग्रहाने मांडतात. मला ते पटत नाही. खांदे सगळ्यांचेच थोडे वरखाली असतात. त्यावरून पुढे दुखेल की नाही हे सांगता येत नाही. निरोगी तरुणाला पेशंट बनवून सोडणारी तपासणी प्रतिबंधाच्या नावाने चालवली, तरी तिने एक नवा आजार दिलेला असतो. चाळिशीच्या आतल्या, काही न दुखणाऱ्या माणसाला आठवड्यात 150 मिनिटं थोडा दम लागेल अशी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारे व्यायाम एवढं सांगितलं की बास. त्यासाठी पॅकेज लागत नाही. सरकारी पैसा आणि या पेशातलं कसब जायला हवं ते पन्नाशी-साठीतल्यांकडे, आणि अंगावर ओझं घेऊन पोट भरणाऱ्यांकडे.

त्यातही बायकांकडे आधी. गुडघ्याची झीज बायकांत जास्त हे जगभर दिसतं. आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. ताकद कमावणं ही महाराष्ट्रात जुनी गोष्ट, पण ती तालमीतली. जोर-बैठका, जोडी, मल्लखांब पुरुषांसाठी. बाईने राबायचं, तिने ताकद कमवावी असं तिला कुणी सांगितलंच नाही. मंगळागौरीच्या रात्री बसफुगडी घालणाऱ्या मुलीच्या मांड्यांत जोर असे, तो पुढच्या तीस वर्षांत कुठे गेला हे कुणी विचारलं नाही. पन्नाशीत गुडघा दुखायला लागला की घरचे मायेने म्हणतात, ‘आई, तुम्ही खाली बसू नका, आम्ही देतो हातात.’ डॉक्टरही मांडी घालू नका म्हणतात. जिना सुटतो, बाजार सुटतो, देवळाच्या पायऱ्या सुटतात. दोन वर्षांनी त्या खुर्चीतून उठताना हात टेकतात आणि घर म्हणतं, वय झालं. वय झालं हे खरंच, पण बसवून ठेवल्याने गेलेली ताकदही त्यात मोठी असते, आणि ती सत्तरीतसुद्धा बरीच परत मिळवता येते.

इथे हमखास एक आक्षेप येतो. खेड्यातली माणसं दिवसभर राबतात, त्यांना कसला व्यायाम शिकवता? आक्षेप अर्धा खरा आहे. भातलावणीला दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला संध्याकाळी ‘थोडी हालचाल करा’ म्हणणं हा विनोद आहे. पण काम म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामात भार हळूहळू वाढतो आणि मध्ये विसावा असतो. कामात भार मालक, मुकादम किंवा पाऊस ठरवतो. तोच गुडघा, तीच कंबर, त्याच कोनात, हजारदा.

म्हणून प्रतिबंधाची गोष्ट व्यायामावर संपवणं मला अप्रामाणिक वाटतं. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजन 100 किलोवरून 50 किलोवर आणावं म्हणून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. हमालांच्या मणक्यांसाठी त्या मागणीचं मोल कुठल्याही व्यायामवर्गापेक्षा जास्त आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्येच ओझ्याच्या मर्यादेवर करार केला होता आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची हद्द सुचवली होती. शेतीतही तेच. खुरपणी उकिडवं बसून होते आणि तासन्‌तास उकिडवं बसण्याचा गुडघ्याच्या झिजेशी संबंध दिसतो. सायकल कोळप्याने तणाचं बरंच काम उभ्याने होतं. ते कोळपं कुणाच्या घरी आलं आणि चालवायला कुणाच्या हातात गेलं, हाही गुडघ्याच्या आरोग्याचाच प्रश्न आहे. कृषी सहायकाने आणि फिजिओथेरपिस्टने एकत्र बसून एखाद्या गावात अवजारांच्या दांड्यांची उंची बघितली, असं आपल्याकडे घडताना दिसत नाही. दोन वेगळी खाती पडली ना.

पैशाचं गणित बघा. गुडघा पूर्ण झिजला की सांधेबदलाचं पॅकेज सरकारी आरोग्य योजनेत आहे. 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, हेही चांगलं झालं. खासगी विमा काढला असेल तर तो साधारणपणे भरती झालात की पैसे देतो. पण गुडघा अर्धा झिजलेला असताना सहा आठवडे व्यायाम शिकायला जाणाऱ्या माणसाला कोण पैसे देतं? डेन्मार्कमध्ये 2013 पासून नेमकं तेच चालतं : गुडघा-खुब्याच्या संधिवातासाठी थोडं शिक्षण आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, एकूण बारा व्यायामसत्रं, गटाने. वेदना कमी होतात, चालण्याचा वेग वाढतो, गोळ्या घटतात.

व्यायामाने शस्त्रक्रिया संपेल, असा दावा मी करत नाही. तिकडच्याच संशोधकांनी 2015 मध्ये सांधेबदलाच्या उंबरठ्यावरच्या शंभर जणांचे दोन गट केले. ज्यांनी शस्त्रक्रिया करून वर व्यायामही केला, त्यांच्या वेदना जास्त कमी झाल्या, हे स्पष्ट आहे. मात्र दुसऱ्या गटातल्या, म्हणजे व्यायाम, वजन कमी करणं, गोळ्या एवढ्यावरच ठेवलेल्या लोकांपैकी वर्षभरात केवळ 26 टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्यांना निदान त्या वर्षी तिची निकड वाटली नाही. गंभीर त्रासही शस्त्रक्रियेच्या गटात जास्त झाला. शस्त्रक्रिया हाताशी असावीच. पण तिच्या अलीकडची पायरीच नसेल तर लोक थेट तिच्यापर्यंत ढकलले जातात, आणि ज्यांना ती जमत नाही ते गुडघ्यात इंजेक्शनं घेत राहतात.

करायचं काय, तर फार नवं नाही. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात निदान एक कायम फिजिओथेरपिस्ट हवी आणि तिच्या आठवड्यातले तीन दिवस रुग्णालयाबाहेरचे असावेत. सपाटीवर एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुमारे 30,000 लोकांमागे असतं. एकीने सगळ्यांना तपासणं शक्य नाही, तशी गरजही नाही. तिने समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशांना दोन गोष्टी शिकवायच्या. एक म्हणजे खुर्चीची चाचणी : हात छातीवर, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता. अमेरिकेतल्या निकषांप्रमाणे साठ ते चौसष्टच्या बाईला बारा आणि पुरुषाला चौदा वेळा तरी जमायला हवं. आपल्या लोकांसाठी आकडे वेगळे निघतील, ते आपण काढावेत. चाचणीला प्लॅस्टिकची खुर्ची आणि मोबाइल लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांना हे जमत नाही त्यांचा गट आणि त्याचे चार-पाच व्यायाम. गटातल्या कुणाला खरंच अवघड दुखणं असेल, लघवीवरचा ताबा जातोय, पायात जोर राहत नाही, रात्री वेदनेने झोप नाही, अशांना ओळखून पुढे पाठवणं हे मात्र फिजिओथेरपिस्टचंच काम.

आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे सरकारी उपकेंद्रांत आणि आरोग्य केंद्रांत, योगशिक्षक येतात, त्यांना मानधनही असतं. त्यांच्याशी भांडण मांडायचं कारण नाही. साठीनंतर पायाची ताकद आणि तोल यांवर भर हवा आणि दर काही आठवड्यांनी व्यायाम थोडा अवघड व्हायला हवा, एवढं त्यांच्या वर्गात घातलं तरी अर्धं काम झालं. उद्यानांतल्या ओपन जिमबद्दल मात्र माझं मत बरं नाही. नगरसेवकाच्या नावाची पाटी सगळ्यात मजबूत, हलणारं पेडल सगळ्यात आधी मोडलेलं, आणि शिकवायला कुणी नाही. तोच निधी एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या मानधनाला वापरायची सोय नियमांत नसेल तर नियम बदलायला हवेत. लोखंडाचं उद्घाटन करता येतं, माणसाचं येत नाही, ही खरी अडचण.

लोक येतील का? इंजेक्शनने त्याच संध्याकाळी बरं वाटतं, व्यायामाने दीड महिन्याने. सकाळी दहाला वर्ग ठेवला तर दिवसाची मजुरी बुडते. निम्म्या जणी दुसऱ्या महिन्यात गळतील हे धरूनच चालावं. डेन्मार्कमध्ये लोक टिकले त्यामागे गटाने येणं हे एक मोठं कारण असावं. आपल्याकडे बचत गटाच्या बायका आधीच ठरल्या दिवशी जमतात, हिशोब झाल्यावर अर्धा तास उठबस होऊ शकते.

सुरुवात कुठून, असं विचारलं तर मी बीड म्हणेन. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गाळप संपल्यावर गावी येतात आणि पुढच्या हंगामापर्यंतचे काही महिने घरी असतात. कोयता चालवून, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढून आलेल्या कमरा तेव्हा गावातच असतात. त्यांच्यासाठी महामंडळ आहे, टनामागे कारखान्याकडून पैसे घेऊन ते चालवायचं ठरलेलं आहे. फिजिओथेरपिस्ट नेमायला नवं खातं काढावं लागणार नाही. तोडणीच्या दरासाठी संघटना आणि साखर संघ वाटाघाटीला बसतात तेव्हा गाजतो तो टनाचा भाव आणि मुकादमाचं कमिशन. मोळी किती किलोची असावी, ट्रकला फळीऐवजी कठड्याची शिडी कोण देणार, गर्भार बाईने भरणी करायची की नाही, हेही त्याच टेबलावर लेखी ठरायला हवं. आणि ते मांडताना संघटनेच्या बाजूला फिजिओथेरपिस्ट बसलेली असावी, आकडे घेऊन.